खरा आराखडा कोणता?



कल्याण सोडून गाडी पुढें निघाली कीं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. लष्करी छावणीच्या जागीं निर्वासित सिंधी बांधवांनीं वसविलेल्या वस्तीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथ येथें १९५३ सालीं यंत्रांचे प्रथम नमुने घडविण्यासाठीं सरकारनें कारखाना काढला. तेथील व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत मागणीप्रमाणें सुटे भाग करून देणारे लहान कारखानेहि पुष्कळ आहेत. अशा ठिकाणीं पोलादाइतकीच मोलाची वस्तु म्हणजे आराखडा. कामगार त्यासच ‘ड्रॉइंग’ म्हणतो. हे आराखडे सांभाळावे कसे, हा आजचा विषय आहे.

पूर्वीं हें काम कपाटाच्या किल्लीवर चाले. मूळ आराखडा ट्रेसिंगवर शाईनें काढीत व कुलपांत ठेवीत. १८४२ सालीं जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें शोधलेल्या रासायनिक क्रियेनें त्याच्या निळ्या प्रती काढून त्या कारागिरांस देत. मूळ प्रत एकच असल्यामुळें खरें कोणतें, याविषयीं वाद सहसा उद्भवत नसे. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारांत आलें, पुढें आराखडे संगणकावर गेले आणि प्रत काढणें निमिषाचें काम झालें. सोय मोठी; परंतु आतां एकाच भागाची एक फाईल संगणकांत, दुसरी ईमेलमध्यें, तिसरी व्हॉट्सॲपवर; आणि नांवें पाहावीं तर ‘फायनल’, ‘नवें फायनल’ आणि ‘शेवटचें फायनल’!

यांत बिघडतें काय? समजा, लिफ्टला आधार देणारी एक पोलादी प्लेट ८ मिलिमीटर जाडीची होती. भार अधिक येणार असें दिसल्यावरून अभियंत्यानें ती १० ची केली. नवी फाईल कचेरींत राहिली आणि कारागिराच्या हातीं जुना कागद पडला. त्यानें आपलें काम चोख केलें, प्रत्येक भोंक जागच्या जागीं पाडलें. तरी सारा माल भंगारांत जावयाचा. तपासणींत हें कळलें तर नुकसान पैशाचें; न कळलें तर माणसाचें.

मोठ्या कंपन्याहि यांतून सुटत नाहींत. एअरबसच्या ए-३८० विमानाचें आरेखन करतांना जर्मनी व फ्रान्समधील अभियंते एकाच सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. हॅम्बर्गकडील तारांचे जुडगे तुलूझ येथें विमानांत नीट बसेनात. २००६ सालीं कंपनीस विलंब जाहीर करावा लागला, आणि पहिलें विमान ग्राहकास ऑक्टोबर २००७ मध्यें मिळालें.

यावर उपाय म्हणून जें डेटा मॅनेजमेंट सॉफ्टवेअर निघालें आहे, तें जुन्या कपाटाचें व नोंदवहीचेंच काम करतें. मूळ फाईल एकाच ठिकाणीं, सर्व्हरवर राहते. एकानें ती बदलण्यासाठीं घेतली कीं इतरांस ती पाहतां येते, बदलतां येत नाहीं. परत ठेवतांना काय बदललें व कां बदललें, हें नोंदवितां येतें. जुनी आवृत्तीहि मागें जपली जाते. जबाबदार अधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून नवा आराखडा कारखान्यांत जाऊं नये, अशी व्यवस्था करतां येते. शिवाय तो भाग आणखी कोणकोणत्या यंत्रांत बसतो, हेंहि क्षणांत दिसतें.

परंतु सॉफ्टवेअर घेतल्यानें शिस्त येते असें नव्हे. शिस्त असेल तर सॉफ्टवेअर उपयोगी पडतें. मंजूर आराखडा बाजूस ठेवून मालकानेंच फोनवरून माप कळविलें, तर सर्व्हर काय करणार? भिंतीवर डकविलेला जुना कागद काढून टाकणें हें माणसाचेंच काम आहे. ज्या लहान कारखानदारास हा खर्च परवडत नाहीं, त्यानेंहि प्रत्येक आराखड्यास एक क्रमांक, प्रत्येक बदलास एक अक्षर व तारीख, आणि साऱ्यांची किल्ली एका माणसाकडे, एवढें आजच ठरवावें.

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें साल आणि शिलाहार राजा माम्वाणी याचें नांव कोरलेलें आहे; म्हणूनच त्या बांधकामाचा काळ आज सांगतां येतो. आराखड्याच्या कोपऱ्यांतील तारीख व सही यांचें मोल तेंच आहे. काम केव्हां ठरलें आणि त्याची जबाबदारी कोणाची, हें त्या दोन ओळी सांगतात. आणि आपण लिफ्टमध्यें निःशंकपणें पाऊल ठेवतों, तें अशाच एखाद्या सहीच्या भरंवशावर.