मौन आणि संमती



‘मौन म्हणजे संमती’ असे मराठीत सहज म्हटले जाते. घरगुती व्यवहारात ते चालून जाते. शाळेत मात्र तसे मानणे धोक्याचे ठरते. प्रार्थनेच्या वेळी हात जोडून उभे असलेले मूल श्रद्धेने उभे आहे, की सारा वर्ग उभा आहे म्हणून उभे आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

राज्यघटनेने याचा विचार करून ठेवला आहे. कलम २८ प्रमाणे, संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणात सहभागी होण्यास वा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. पालकाने हरकत घेतली नाही एवढ्याने हे कलम पाळले जात नाही. त्याने संमती दिलेली असावी लागते.

मौनाचा उलट अर्थ लावल्यास काय घडते, हे केरळमधील एका प्रकरणाने दाखवले. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती रोज आदराने उभी राहत. श्रद्धेस मान्य नसल्यामुळे गात मात्र नसत. एका आमदाराच्या हे लक्षात आले आणि प्रश्न विधानसभेत गेला. मुले शिस्तीची असून त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. तरीही वरिष्ठांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढून टाकले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. एखादी श्रद्धा इतरांच्या बुद्धीला पटते का, हा प्रश्नच नाही. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे, असे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालपत्रात स्पष्ट केले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेपुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. गावापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी गणेशोत्सव, सरस्वतीपूजन, आषाढीची दिंडी हे भाषा टिकवण्याचेही मार्ग असतात. ही ओढ खरी आहे आणि ती हिणवण्याजोगी नाही. भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क कलम ३० ने दिला आहे. पण त्यामुळे कलम २८ मधील संमतीची अट सुटत नाही. शिवाय मराठी ही कोणत्याही एका धर्माची भाषा नाही. शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठीतच भक्तिगीते लिहिली. मराठी बौद्ध, जैन आणि कोणताही धर्म न मानणारी कुटुंबेही याच वर्गांत आपली मुले पाठवतात.

म्हणून संतवाङ्मय शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. धर्मांविषयी अभ्यास करणे आणि धर्माचरण करवून घेणे यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणातही मान्य केला आहे. ज्ञानेश्वर-तुकाराम भाषेच्या तासाला हवेतच. पूजा किंवा आरती असेल, तेथे मात्र शाळेने आधी विचारावे. प्रवेशाच्या वेळीच साध्या मराठीत लेखी संमती घ्यावी आणि ती नाकारण्याची जागा तितक्याच ठळकपणे ठेवावी. सहभागी न होणाऱ्या मुलाला वाचनालयात बसण्याची मुभा असावी, ती शिक्षा वाटू नये; आणि ‘तू का येत नाहीस?’ हा प्रश्न वर्गासमोर कोणी विचारू नये.

पालकांकडूनही एक अपेक्षा आहे. नकार असेल तर तो संकोच न करता कळवावा. आणि ज्यांचा होकार आहे, त्यांनी घरी मुलांना एवढे सांगावे, की शेजारच्या बाकावरचा मित्र आरतीला आला नाही, तरी मधल्या सुट्टीत डबा त्याच्यासोबतच खायचा.