ओळखीच्या गावाची कादंबरी

कादंबरी वाचणाऱ्याला दोन प्रकारचे सुख लाभते. जे कधी पाहिले नाही ते पाहिल्याचे सुख हे एक. आणि जे रोज पाहतो तेच पुन्हा, पण नीट पाहिल्याचे, हे दुसरे. पहिल्या सुखाची महती पुष्कळांनी गायिली आहे. पुस्तकामुळे घरबसल्या देशाटन घडते, हे शाळेतल्या निबंधांतून आपण सर्वांनी लिहिलेले आहे. दुसऱ्या सुखाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. आपल्या गल्लीचे, आपल्या नदीचे, आपल्या बाजाराचे नाव छापील पानावर अवचित भेटले की वाचकाचा चेहरा का उजळतो? जे दाराबाहेर फुकट दिसते तेच पुस्तकात वाचण्यासाठी माणूस पैसे का मोजतो? आजच्या भाषणात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. आणि तो सुरत शहराच्या निमित्ताने करावयाचा आहे, कारण या सुखाच्या निरनिराळ्या तऱ्हा आणि त्याची एक उणीवही या शहरात स्पष्ट दिसते.

सुरतेचे नाव जगाच्या वाङ्मयात फार दूरवर पोहोचलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दँ द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाने सुरतेतील एका कॉफीखान्याची गोष्ट लिहिली. पुढे 1893 साली टॉलस्टॉयने ती रशियन भाषेत आणली आणि तिची कीर्ती वाढली. नाना देशांचे आणि नाना धर्मांचे लोक त्या कॉफीखान्यात जमतात आणि ईश्वर खरा कोणाचा, यावर हमरीतुमरीवर येतात. शेवटी एक चिनी गृहस्थ सूर्याचा दृष्टान्त देऊन सर्वांना अंतर्मुख करतो. गोष्ट थोर आहे, यात शंका नाही. परंतु सुरतेचा रहिवासी ती मोठ्या उत्सुकतेने हाती घेतो, आणि वाचून झाल्यावर त्याच्या मनात एक बारीकशी रुखरुख राहते. त्या गोष्टीत तापी नाही, किल्ला नाही, भागळ नाही, नानपुरा नाही. सुरतेऐवजी दुसऱ्या एखाद्या बंदराचे नाव घातले तरी गोष्टीचे काहीही बिघडत नाही. जेथे देशोदेशीचे व्यापारी एकत्र येतात असे एक बंदर लेखकाला हवे होते, आणि त्या काळी असे बंदर म्हटले की सुरतेचे नाव ओठांवर येई, एवढाच त्याचा अर्थ.

ओळखीच्या स्थळाच्या कादंबरीची कसोटी यावरून हाती येते. गाव बदलून पाहावे. कथा तशीच उभी राहिली तर ते गाव केवळ पडद्यावर रंगविलेले होते. 'गारंबीचा बापू' ही श्री. ना. पेंडसे यांची 1952 सालची कादंबरी कोकणातून उचलून देशावर ठेवता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर माणदेशाच्या माळावरून मुंबईच्या चाळीत नेला, तर तो मास्तरच राहत नाही. नावे खरी असलीच पाहिजेत असेही नाही. टॉमस हार्डीने डॉर्चेस्टर गावाला कॅस्टरब्रिज असे नाव दिले, तरी तेथील लोकांनी आपले गाव ओळखलेच. आर. के. नारायण यांचे मालगुडी तर कोणत्याच नकाशात नाही. पण दक्षिणेतल्या किती तरी छोट्या गावांना ते आपलेच वाटते. गावाचे खरे नाव लपविता येते. गावाचे वळण लपविता येत नाही.

सुरतेला असे वळण पकडणारे लेखक लाभले. धनसुखलाल मेहता आणि ज्योतींद्र दवे या दोघांनी मिळून लिहिलेली 'अमे बधां' ही गुजराती विनोदी कादंबरी 1936 साली प्रसिद्ध झाली. एका कादंबरीचे दोन लेखक, ही गोष्टच मुळात नवलाची. ज्योतींद्र दवे यांचा जन्म सुरतेतला, आणि गुजरातेत विनोद म्हटला की त्यांचे नाव प्रथम घेतले जाते. या पुस्तकात विपिन नावाच्या मुलाच्या जन्मापासून लग्नापर्यंतची हकीकत आहे, आणि तिच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या आरंभीची सुरत डोळ्यांसमोर उभी राहते. लढाया नाहीत, राजे नाहीत, मोठी संकटे नाहीत. आहे तो घरगुती संसार, नातलगांचा गोतावळा आणि सुरती माणसाचा गमत्या स्वभाव. खाण्यावर, गप्पांवर आणि स्वतःच्या फजितीवरही प्रेम करणारे हे शहर आहे. घारी, उंधियू आणि थंडीच्या दिवसांतला पोंक यांवर जीव टाकणाऱ्या सुरतकराला या पुस्तकात आपलेच शेजारी भेटतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच; एवढे सांगितले की मराठी वाचकालाही ती चव कळते.

ओळखीच्या स्थळाची कादंबरी वाचताना मनात जे घडते त्याच्या तीन पायऱ्या सांगता येतील. पहिली पायरी केवळ ओळखीची. 'अरे, हा तर आपला रस्ता!' असे म्हणून वाचक खूश होतो. हे सुख बालसुलभ आहे, पण ते कमी लेखण्याचे कारण नाही; सामुदायिक छायाचित्रात प्रत्येक जण आधी स्वतःचाच चेहरा शोधतो. दुसरी पायरी साक्षीदाराची. परक्या देशाच्या कादंबरीत लेखक सांगेल ते आपण मुकाट्याने मान्य करतो. ओळखीच्या गावात आपण त्याच्यावर नजर ठेवतो. चौकबाजारातून भागळकडे जाताना किल्ला पाठीमागे राहतो की समोर येतो? होप पूल 1877 साली झाला. मग त्यापूर्वीच्या कथेतला नायक रांदेरला नावेतून गेला की नाही? असे प्रश्न विचारणारा वाचक लेखकाचा शत्रू नव्हे. तो त्याचा सर्वांत लक्षपूर्वक वाचणारा मित्र होय. तिसरी पायरी अधिक खोल आहे. कादंबरी संपते, वाचक घराबाहेर पडतो, आणि रोजचा रस्ता त्याला वेगळा दिसू लागतो. ज्या खिडकीखालून तो हजार वेळा गेला, त्या खिडकीआड एखादे आयुष्य चालले असेल, हे त्याच्या प्रथमच ध्यानात येते.

पण या तिसऱ्या पायरीवर सुखाबरोबर एक जबाबदारीही पदरी पडते, आणि या विषयाचे खरे महत्त्व तेथेच आहे. परगावच्या कथेतील अन्याय वाचून आपण हळहळतो आणि पुस्तक मिटतो; असे लोक तिकडे असतात, असे म्हणण्याची वाट आपल्याला मोकळी असते. ओळखीच्या गावाच्या कादंबरीत ही वाट बंद होते. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 नंतर 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा पुण्यातील वाचकांनी तिच्यात आपलेच वाडे ओळखले. ओटी, माजघर, स्वयंपाकघर सारे ओळखीचे. आणि त्या ओळखीच्या माजघरात एका मुलीचे, पुढे एका विधवेचे, काय होते तेही लेखकाने दाखविले. वाडा आपला म्हटल्यावर त्या वाड्यातले दुःख परक्याचे म्हणता येईना. पुण्याऐवजी एखाद्या काल्पनिक नगरीत ती कथा घडली असती, तर तिने डोळ्यांत पाणी आणले असते. इतके अस्वस्थ मात्र केले नसते. ओळखीच्या स्थळाचे बळ हे असे आहे. ते वाचकाला आधी आनंदाने घरात बोलावते, आणि मग घरातली अडगळ दाखविते.

गावाची ओळख वाचकाची बाजूही बदलू शकते, आणि याचे उदाहरण पुन्हा सुरतेतच सापडते. मराठी वाचकाला सुरत भेटते ती बहुधा शिवचरित्रावरील कादंबऱ्यांतून. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्या पानांवर सुरत म्हणजे मोगलांचा खजिना, आणि आपण वाचक स्वारांच्या संगतीने घोड्यावर. परंतु हीच पाने सुरतेत वाढलेला मराठी मुलगा वाचतो तेव्हा काय होते? पहिल्या स्वारीत सुभेदार इनायतखान ज्या किल्ल्यात लपून बसला, तो तापीकाठचा किल्ला या मुलाने सहलीत पाहिलेला असतो. महाराजांविषयीचा अभिमान त्याच्या मनात असतोच. त्याच वेळी, जी घरे सोडून माणसे पळाली ती आपल्याच शहरातली होती, हेही त्याला जाणवते. एका प्रसंगाच्या दोन्ही बाजूंना मन उभे करता येणे हे शिक्षणाचे मोठे फळ आहे; आणि या मुलाला ते गावाच्या ओळखीमुळे सहज लाभते.

हा सुरतेतला मराठी मुलगा कोण, तेही सांगितले पाहिजे. सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगाव या मार्गाने भुसावळला जाणारा लोहमार्ग आहे. या मार्गाने आणि रस्त्यांनी खानदेशातील असंख्य कुटुंबे कापडाच्या धंद्यातील रोजगारासाठी सुरतेत आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली अशा भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. या घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या हाती भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही 1963 सालची कादंबरी दिली, तर पांडुरंग सांगवीकराचे खानदेशातले घर, शेत आणि बोली वाचताना तो एका पानात गावी जाऊन येतो. त्याचे ओळखीचे स्थळ पुस्तकात आहे. त्याच्या मुलाचे काय? मुलाने आजोळ पाहिले ते सुट्टीपुरते. त्याचे रोजचे जग म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, साड्यांची गाठोडी वाहणारे टेम्पो, गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडिया यांची एकाच नळावर होणारी सरमिसळ. मराठी पुस्तकांत त्याला पुण्याचा वाडा भेटतो, कोकणातली खाडी भेटते, माणदेशचा माळ भेटतो. आणि ते भेटलेच पाहिजेत. पण आपली गल्ली कधीच भेटली नाही, तर मूल नकळत एक समजूत करून घेते. आयुष्य घडते ते दुसरीकडे, आपल्याकडे घडते ते केवळ काम, अशी ती समजूत. ती मुलाच्या मनात रुजू देणे हे मोठे नुकसान आहे.

यावर एक उपाय अगदी हाताशी आहे, तो म्हणजे शेजारच्या भाषेचा. सुरतेतील मराठी मुलाला गुजराती बोलता येते आणि थोड्या सरावाने वाचताही येते. त्याने 'अमे बधां' वाचावे. 1866 साली प्रसिद्ध झालेली 'करण घेलो' पाहावी. गुजरातीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी ही कृती सुरतेच्या नंदशंकर मेहतांनी लिहिली; ते व्यवसायाने शिक्षक होते आणि लोक त्यांना मास्तर म्हणूनच ओळखीत. कथा पाटणच्या शेवटच्या वाघेला राजाची. पण राज्य गेल्यावर हा राजा आश्रयाला येतो तो बागलाणात, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्याच्या मुलखात, आणि पुढे त्याच्या मुलीच्या कथेचे धागे देवगिरीपर्यंत पोहोचतात. सुरतेच्या मास्तरांनी गुजराती भाषेत मराठी मुलखाची वाट चालून दाखविली, ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. ज्या वाचकाचे आजोळ बागलाणात आणि घर सुरतेत, त्याला आपली दोन्ही ओळखीची स्थळे या एकाच पुस्तकाच्या संगतीने सापडतात: एक पानावर, आणि दुसरे लेखकाच्या घराच्या रूपाने. स्थळ ओळखीचे असले की भाषेचा उंबरठा फार उंच राहत नाही.

दुसरा उपाय लिहिण्याचा, आणि त्याची निकड आहे. सुरत हे पुसले जाऊन पुन्हा लिहिले जाणारे शहर आहे. 1837 च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, आणि त्याच वर्षी तापीला पूरही आला. 1994 साली प्लेगच्या भीतीने लाखो माणसांनी शहर सोडले, आणि नंतर याच शहराने स्वच्छतेचा धडा घालून दिला. 2006 च्या ऑगस्टात शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. प्रत्येक आपत्तीनंतर शहर पुन्हा उभे राहिले, पण पहिले राहिले नाही. महापालिकेच्या दप्तरात रस्त्यांची रुंदी सापडते. त्या रस्त्यावर उभे राहून कोणी कोणाची वाट पाहिली, ते सापडत नाही. पाणी ओसरल्यावर एका मराठी घराने आणि शेजारच्या ओडिया घराने एकच चूल कशी पेटविली, हे ज्याने पाहिले असेल त्यानेच ते लिहून ठेवावयास हवे. ते मोठे साहित्य ठरेल की नाही, याची चिंता आरंभीच करू नये. रस्त्यांची यादी म्हणजे कादंबरी नव्हे, हे खरे. पण आपला रस्ता लिहिण्याजोगा आहे, असे ज्याला वाटतच नाही त्याच्या हातून यादीही होत नाही.

सुरतेत अँड्रूज ग्रंथालय 1850 सालापासून आहे. अशा जुन्या ग्रंथालयांतून आणि शाळांच्या छोट्या कपाटांतून एक साधा प्रयोग करता येईल. मुलांना कादंबरी द्यावी आणि बरोबर एक प्रश्न द्यावा: ही कथा तुझ्या गल्लीत घडली असती तर काय बदलले असते? मूल उत्तर शोधू लागले, की ते आपली गल्ली पाहू लागेल. आणि पाहू लागले, की कधी तरी लिहूही लागेल. मग पुढे केव्हा तरी लिंबायतेतली एखादी मुलगी मराठी पुस्तक उघडील, पहिल्याच पानावर तिला आपल्या वळणाचा रस्ता दिसेल, आणि आईला हाक मारून ती म्हणेल, 'आई, हे तर आपल्याकडचंच आहे!'