तान्हें मूल आणि तंबूंतील मुक्काम

लोणारचें अशनिविवर पाहून हिवाळ्यांत अभयारण्याच्या हद्दीबाहेर तंबूंत राहावें, असें अनेकांना वाटतें. बरोबर तान्हें मूल असलें तरी बेत मोडावयास नको. सहा महिन्यांखालील बाळास आईचें दूध पुरतें, पाणीहि नको. सरोवराचें पाणी खारें व क्षारयुक्त, म्हणून थोरांनीं पिण्याचें पाणी गांवांतून न्यावें.

खरी चिंता रात्रीची. पहांटे गारठा पडला, कीं कोणी पेटती शेगडी तंबूंत आणतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्यास वासहि नाहीं. झोपेंतच तो प्राण घेतो. शेगडी बाहेरच असावी. बाळास कपड्यांचे थर चढवून उताणें निजवावें. तोंडावर पांघरूण येऊं देऊं नये. ताप आला किंवा बाळ पिईनासें झालें, तर उजाडण्याची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्यावें.