म्हातारपणाचा हिशेब
(बिरसी, जि. गोंदिया येथील मेळाव्यात केलेले भाषण)



यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून आलेली मंडळी आज धानाच्या मुलखात बसली आहेत. आपल्याकडे काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि पावसाची वाट. इथे बांध्या, रोवणी आणि मामा तलाव. पीक वेगळे आहे, पण सकाळपासून मी समोरच्या रांगा बघतो आहे. पागोटी, पांढऱ्या टोप्या, पदर डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या बाया. हे चित्र दोन्ही मुलखांत सारखेच आहे. म्हणून आज भावाचा विषय थोडा बाजूला ठेवून म्हातारपणाविषयी बोलणार आहे. बोलता बोलता भावाचा विषय आपोआप येईलच, कारण शेतकऱ्याच्या घरातली कोणतीही वाट शेवटी तिथेच जाते.

या बिरसीत पंच्याऐंशी-नव्वदीला टेकलेला जो माणूस असेल, त्याने काय काय पाहिले ते आठवा. त्याच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्रजांनी इथे विमानाची धावपट्टी केली. १९५१ साली मालगुजारी गेली. गाव आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, मग मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १९९९ साली भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला. म्हणजे घराचा उंबरठा न ओलांडता हा म्हातारा चार राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहून आला. विमानतळ वाढवायला इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मार्च २०२२ मध्ये इथून प्रवासी विमान उडाले. राज्ये बदलली, विमाने आली, पण धानाचा भाव ठरवायला या म्हाताऱ्याला कोणी कधी बोलावले नाही.

आपल्या कापसाच्या म्हाताऱ्याचेही तसेच. त्याने १९६४ साली आलेली पहिली संकरित ज्वारी पाहिली. १९७० साली आलेला एच-४ हा संकरित कापूस पाहिला. १९७२ च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो खाल्ली, त्याच सुमारास सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या गाड्यांच्या रांगेत रात्री काढल्या. २००२ साली बीटी आले तेही पाहिले. बियाणे चार वेळा बदलले, कर्ज मात्र तेच राहिले, फक्त सावकाराच्या वहीतून सोसायटीच्या वहीत आणि पुन्हा परत असे फिरत राहिले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे धरले जाई. आज ते ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा कोणी म्हातारे होत नसे असा नाही. तेव्हा लेकरेच इतकी दगावत की सरासरी खाली येई. देवी, पटकी, हिवताप यांतून जे वाचले ते म्हातारे झालेच. पण आज जास्त लोक म्हातारे होतात आणि जास्त वर्षे म्हातारे राहतात. ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही आपल्या घरात म्हातारपण ओझ्यासारखे का वाटू लागले?

मी शेतकीचा पदवीधर. कॉलेजात आम्हाला एकरी उतारा शिकवला, हेक्टरी खत शिकवले. पण कोणत्या शेतीत कोणत्या वयाच्या माणसाला काम आहे, हा प्रश्न कोणत्याच पेपरात नव्हता. जुन्या कोरडवाहू शेतीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात प्रत्येक वयाला काम होते. ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकायला म्हातारा. बियाण्यासाठी कणसे निवडायला, राखेत घोळवून बी ठेवायला म्हातारी. बैलाच्या चाऱ्यापाण्याचे, खळे राखण्याचे, दावी वळण्याचे काम त्यांचेच. घरातला म्हातारा औत हाकत नसे, पण पेरणीच्या दिवशी मूठभर माती दाबून ओल किती खोल गेली ते तोच सांगे.

मग ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. राखणीचे काम गेले. कापसाचे बी दरवर्षी पाकिटात येऊ लागले, बी राखण्याचे खाते बंद झाले. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने आला. खळे गेले, मळणीयंत्र आले. यंत्राला माझा विरोध नाही. उन्हात पाठ मोडून घेण्यात काही पुण्य नाही. पण यंत्राने तरुणाचे श्रम जितके वाचवले, त्याहून जास्त म्हाताऱ्याचे काम काढून घेतले, हे कोणी मोजले नाही. ज्याला काम नाही त्याला घरात कोणी विचारत नाही, आणि ज्याला विचारत नाहीत तो लवकर खचतो. म्हाताऱ्या माणसाचे दुखणे नेहमी गुडघ्यातच असते असे नाही.

म्हाताऱ्याच्या नजरेची किंमत काय, हे सांगायला आपल्या विदर्भातलेच उदाहरण देतो. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. असे वर्षानुवर्षे केले. त्यातून बारीक दाण्याचे जे धान तयार झाले, त्याला त्या काळी सर्वांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव पडले, एचएमटी. १९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण बाहेर आला. धानपट्ट्यात लाखोंनी ते पेरले, खाल्ले, विकले.

त्या लोंब्या दिसल्या तेव्हा दादाजी चाळिशी ओलांडलेले होते. तीन लोंब्या ओळखायला डोळे असावे लागतात, आणि ते डोळे तयार व्हायला तीस-चाळीस हंगाम लागतात. पुढे ते प्रयोग करत राहिले, आणखी वाण काढले. पण २०१८ साली शेवटच्या आजारात उपचारासाठी मदत मागण्याची पाळी आली. ३ जून २०१८ रोजी ते गेले. ज्याच्या बियाण्यावर इतक्यांचे संसार चालले, त्याच्या म्हातारपणाची तरतूद त्या बियाण्यात नव्हती. ही एका दादाजींची गोष्ट नाही. नाव न झालेले असे कितीतरी या मंडपात बसले आहेत.

आता हिशेबाकडे येऊ. नोकरदार माणूस महिन्याला पगार घेतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, मालकही भर घालतो. म्हणजे त्याच्या आजच्या कामाच्या किमतीत उद्याचे म्हातारपण धरलेले असते. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. त्यांचा मला राग नाही. म्हातारपणाची काळजी करणे शहाणपणाचेच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. क्विंटलभर कापसाचा खर्च काढताना सरकार बियाणे धरते, खत धरते, घरच्या माणसांची मजुरीही धरते. पण ती मजुरी कामाच्या दिवसाची. ज्या दिवशी हात चालणार नाहीत, त्या दिवसाचे काय? बैल म्हातारा होतो म्हणून त्याची घसारा धरतात, अवजाराची धरतात. माणसाची घसारा कोणत्याच रकान्यात नाही. आधारभाव ठरतो तेव्हा आपले म्हातारपण फुकट धरलेले असते.

आणि सरकार देते काय? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांच्या वरच्या निराधाराला २०२३ पासून महिना १५०० रुपये. दिवसाचे पन्नास. त्यासाठीही घराचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला. २०१९ साली किसान मानधन योजना आली. साठीनंतर महिना तीन हजार. पण तिच्यात शिरायची मुभा १८ ते ४० या वयालाच आणि दोन हेक्टरांपर्यंतच्याच शेतकऱ्याला. म्हणजे योजना आली तेव्हा जो एक्केचाळीस वर्षांचा होता, त्याचे दार बंद. आज साठी ओलांडलेल्या एकालाही तिचा उपयोग नाही.

म्हणून शेतकऱ्याची पेन्शन म्हणजे त्याचा सातबारा. आणि खरे भांडण इथेच सुरू होते. पूर्वी बाप पन्नाशी-साठीत जाई, मुलगा पंचविशी-तिशीत सातबाऱ्यावर येई. आता बाप ऐंशीपर्यंत जगतो. मुलगा पंचावन्नचा होतो, नातू तिशीचा, आणि तिघेही एकाच सातबाऱ्याकडे बघतात. महाराष्ट्रात सरासरी धारण १९७०-७१ साली सव्वाचार हेक्टरांच्या वर होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. राबतो मुलगा, कागदावर शेतकरी बाप. पीककर्ज बापाच्या नावे, विमा बापाच्या नावे, किसान सन्मानचे पैसे बापाच्या खात्यात. मुलाला वाटते, आपण आपल्याच शेतात सालदार आहोत. बापाला वाटते, सही केली की दुसऱ्या दिवशी ताट ओसरीवर येईल. दोघेही खोटे नाहीत. दोघांची भीती खरी आहे.

या भीतीवर उपाय कागदाचा आहे. तो नीट ऐका. बक्षीसपत्र केले की जमीन त्याच दिवशी गेली, ती सहज परत येत नाही. मृत्युपत्र केले तर ते आपल्यामागेच लागू होते आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. हयातीत वाटणी करायचीच असेल तर एक हिस्सा म्हातारा-म्हातारीच्या नावावर ठेवून करा. मुलांना देताना, आईबापांचा सांभाळ करण्याच्या अटीवर दिले, असे कागदात स्पष्ट लिहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पोटगीचा अर्ज प्रांत अधिकाऱ्यापुढे करता येतो आणि महिना दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही हक्क आहे. भावासाठी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याआधी, म्हातारपणी पाणी द्यायला कोण धावून येते, ते आठवून पाहा.

मायबहिणींनो, तुमचा प्रश्न याहून अवघड. बायको नवऱ्यापेक्षा वयाने लहान, आणि बहुतेक घरांत मागे उरते तीच. शेतात जन्म गेला, पण सातबाऱ्यावर नाव नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि गावोगाव नवऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ते काम अर्धवट राहिले. म्हातारी विधवा झाल्यावर तलाठ्याकडे खेटे घालण्यापेक्षा, म्हातारा हिंडता फिरता आहे तोवर हे नाव लागले पाहिजे.

आता दोन शब्द म्हाताऱ्यांना, आणि मी वयाने लहान आहे म्हणून रागवू नका. जमीन नावावर ठेवा, पण लगाम सोडा. यंदा काय पेरायचे, कोणते बियाणे आणायचे, कर्ज किती काढायचे, हे ठरवू द्या त्यांना. तुमच्या बापाने तुम्हाला किती उशिरा ठरवू दिले होते, ते आठवा. विचारले तर सांगा, चुकले तर सांभाळून घ्या. आणि तरुणांनो, विचारत जा. कोणत्या साली मृगाने दगा दिला, तेव्हा दुबार पेरणीला काय टिकले, कोणत्या वावरात पाणी तुंबते, नाल्याची जुनी वाट कोणती होती, हे कोणत्या मोबाइलात सापडणार नाही. ज्याच्या डोक्यात ते आहे तो ओसरीवर बसला आहे.

जाण्याआधी तीन कामे ठरवून जाऊ. प्रत्येक गावाच्या शाखेने साठीच्या वरच्या शेतकरी स्त्री-पुरुषांची यादी करायची; सातबाऱ्यावर नाव आहे का, पेन्शन मिळते का, मिळत नसेल तर कुठे अडले, हे समोर लिहायचे. दुसरे, तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस बसून वाटणीचे, मृत्युपत्राचे आणि बायकोचे नाव लावण्याचे कागद करून द्यायचे. आणि तिसरे, यापुढे भावाच्या मागणीत एक ओळ वाढवायची: उत्पादनखर्चात शेतकऱ्याचे म्हातारपण धरा. ही दया नको. ज्या हातांनी पन्नास हंगाम या देशाला खाऊ घातले आणि कपडे घातले, त्या हातांची ती राहिलेली मजुरी आहे.