‘दार लोटलं’ : गणवेशातल्या मुलीची तक्रार आणि आपली भाषा



सीमेवरच्या मराठीबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलं. या विषयावर मी याआधीही बोलले आहे. पोळ्याच्या झडत्या, जात्यावरच्या ओव्या, हिंदीच्या शेजारानं आपल्या बोलीत आलेले शब्द, हे सगळं तुम्ही माझ्याकडून ऐकलं आहे. आज मी एका अर्जाबद्दल बोलणार आहे. तो मी स्वतः लिहिला होता आणि तो वाईट लिहिला होता.

मी ३१ वर्षं याच भागात मराठी शिकवली. माझी एक विद्यार्थिनी पुढे एका गणवेशधारी दलात भरती झाली. कोणतं दल, कुठलं ठाणं, हे मी सांगणार नाही. आजचं बोलणं तिच्या परवानगीनं आहे, नाव मात्र तिनं घेऊ नका म्हटलं आहे. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुटीत ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभी राहिली. चहा पुढे ठेवला तो तसाच राहिला. म्हणाली, “बाई, तुमची हिंदी चांगली हाये. एक अर्ज लिहून द्या.”

मग तिनं सांगितलं. तिचे शब्द मला आजही पाठ आहेत. “त्यानं मले स्टोअरमदी रजिस्टर आनाले पाठवलं. मंग मागून आला न् दार लोटलं. माहा हात धरला. बाई, मी काई बोललीच नाई. माहं तोंडच उघडलं नाई.” पुढचं तिनं सांगितलं ते इथे सांगायचं कारण नाही. तो माणूस तिचा वरिष्ठ होता. हजेरी, रजा, ड्युटी, सगळं त्याच्या सहीनं चालायचं.

मी कागद घेतला आणि लिहिलं : “दरवाजा बंद कर दिया और मेरे साथ दुर्व्यवहार किया। मैंने विरोध किया।” अर्ज नीटनेटका झाला. तिनं सही केली. ‘विरोध किया’ हे वाक्य तिनं सांगितलंच नव्हतं. अर्ज भक्कम दिसावा म्हणून ते मी घातलं.

चौकशीत तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो कडीचा. कडी आतून लावली की बाहेरून? ती म्हणाली, कडी नव्हती लावली, दार लोटलं होतं. मग अर्जात ‘बंद’ कसं? विरोध केला म्हणजे काय केलं? ओरडलात? ढकललंत? ती म्हणाली, नाही. दुर्व्यवहार म्हणजे नेमकं काय, शिवी दिली का? तीन वाक्यं आणि तिन्ही ठिकाणी ती अडकली. आरोप सिद्ध होत नाही, बयानात विरोधाभास आहे, असा निष्कर्ष निघाला. तो माणूस तिथेच राहिला. तिची बदली ‘विनंतीवरून’ झाली. विनंती तिनं केलेली नव्हती.

चौकशी करणाऱ्यांचा दोष किती, हा वेगळा विषय. ती जे बोलली त्यात विरोधाभास नव्हता, तो माझ्या हिंदीत होता, एवढं मला ठाऊक आहे. लोटलं म्हणजे बंद केलं नाही, हे या सभागृहातल्या कुठल्याही बाईला कळतं. लोटलेल्या दाराआड काय भीती असते हेही कळतं. कडी लागलेली नसते, त्यामुळे बाहेर येऊन सांगायला गेलं की लोक विचारतात, मग निघून का नाही आलीस?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. इथून नागपूर ओलांडून पलीकडे गेलं की देसाईगंज लागतं. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस होते. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही, म्हणजे संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा एकूण रोख होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला कळीचा मुद्दा भाषेचा होता, असं मी मराठीची शिक्षिका म्हणून म्हणेन. निमूट राहणं वेगळं आणि राजी असणं वेगळं. ठाण्यात, रात्री, वर्दीसमोर मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला ‘संमती’ हा शब्द लावता येत नाही.

त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं ‘मी संमती दिली नव्हती’ असं न्यायालयात सांगितलं, तर तसंच गृहीत धरायचं ठरलं. २०१३ च्या दुरुस्तीत एखाद्या भागात तैनात असलेल्या सशस्त्र दलांच्या माणसांचाही त्यात समावेश झाला. म्हणजे सत्तेखाली तोंड उघडत नाही, हे कायद्यानं मान्य केलं आहे. माझ्या विद्यार्थिनीचं खरं वाक्य हेच होतं, ‘माहं तोंडच उघडलं नाई’. तेच मी खोडलं आणि त्याच्या जागी ‘विरोध किया’ लिहिलं.

आता गणवेशाबद्दल थोडं. आपल्या गावांतल्या मुली आज पोलिसात, वनविभागात, निमलष्करी दलांत जातात. सकाळी रस्त्यानं धावणाऱ्या मुली आपण सगळेच पाहतो. सैन्याच्या दारातही त्या पोहोचल्या आहेत. मे २०२१ मध्ये सैन्य पोलीस दलात ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बंगळुरात दाखल झाली. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. या बातम्यांनी आनंद होतो, मलाही झाला. पण मुलीला निरोप देताना तिथे अडचण आली तर कोणाला सांगायचं, हे कोणी सांगत नाही.

सैन्यात ते सोपंही नाही. १९५० च्या सेना अधिनियमानुसार नागरिक स्त्रीवर बलात्कार झाला, तर तो खटला साधारणपणे फौजदारी न्यायालयात जातो. पण पीडित स्त्री स्वतःच लष्करी कायद्याखाली येत असेल, तर कोर्ट मार्शल होऊ शकतं. खटला कुठे चालवायचा, हे आधी ठरवण्याचा अधिकार त्या फौजेच्या अधिकाऱ्याकडे असतो. वायुसेनेच्या कायद्यातही अशीच व्यवस्था आहे. म्हणजे गणवेश घातल्यामुळे तिचा रस्ता गावातल्या बहिणीच्या रस्त्याहून वेगळा होतो. त्याच कायद्यात अधिकाऱ्याच्या पदाला ‘न शोभणारं वर्तन’ असा एक गुन्हा आहे आणि अशा प्रकरणांत तो पुष्कळदा लावला जातो. हा शब्दप्रयोग जरा थांबून वाचा. शोभलं नाही ते पदाला. त्या वाक्यात बाई कुठे आहे? आपल्या ‘विनयभंगा’चंही तेच आहे. भंग झाला तो विनयाचा. हिंदीत ‘लज्जा भंग’. म्हाताऱ्या बायका ‘अब्रू घेतली’ म्हणायच्या. हात तिचा धरला, पण नुकसान मात्र आपण कुठल्यातरी गुणाच्या नाहीतर घराण्याच्या खात्यात लिहितो. ‘लैंगिक छळ’ हा शब्द त्या मानानं बरा, कारण छळ कोणाचा तरी करावा लागतो.

२००५ मध्ये बंगळुरात फ्लाइंग ऑफिसर अंजली गुप्ता यांनी वरिष्ठांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. वायुसेनेच्या चौकशीत ती सिद्ध झाली नाही. त्याच वर्षी त्यांच्यावरच कोर्ट मार्शल चाललं. आरोप होते शिस्तभंगाचे आणि किरकोळ रकमेच्या गैरव्यवहाराचे. त्या दोषी ठरल्या आणि त्यांची नोकरी गेली. सप्टेंबर २०११ मध्ये आपल्याच राज्यात, भोपाळमध्ये, त्यांनी जीवन संपवलं. त्या प्रकरणात कोण खरं, हे ठरवण्याची माझी योग्यता नाही. पण तक्रार घेऊन आलेली व्यक्ती वर्ष संपायच्या आत आरोपीच्या जागी उभी होती, हे नोंदीत आहे. त्यानंतर तक्रार करायला निघालेली प्रत्येक मुलगी हे आठवून दारातच थांबली असेल.

१६ वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, कोइमतूरच्या वायुसेना प्रशासकीय महाविद्यालयातली एक महिला अधिकारी थेट शहर पोलिसांकडे गेली. संस्थेनं तक्रार नीट हाताळली नाही, ती मागे घ्यावी म्हणून दबाव आणला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच अमान्य केलेली ‘दोन बोटांची’ तपासणीही केली, असं तिचं म्हणणं होतं. अशी तपासणी झाली नाही, असं वायुसेनाप्रमुखांनी सांगितलं. आरोपीला पोलिसांनी अटक केली आणि न्यायालयानं पुढे त्याला कोर्ट मार्शलसाठी वायुसेनेच्या ताब्यात दिलं. ती बाहेर गेली आणि प्रकरण परत आत आलं.

हे लांबचं वाटत असेल तर मेळघाट पाहा. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी शासकीय निवासस्थानी आत्महत्या केली. मागे वरिष्ठांच्या नावे पत्र होतं. कनिष्ठांसमोर अपमान, शिवीगाळ, गरोदरपणात करायला लावलेली पायपीट, असे आरोप त्यात होते. आधी सांगूनही वरून दखल घेतली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पत्र महाराष्ट्रभर वाचलं गेलं. आधी जे सांगितलं, ते किती जणांनी ऐकलं होतं?

अमेरिकेत या सगळ्याला एक वेगळं नाव आहे. मराठीत मी त्याला ‘सैनिकी सेवेतला लैंगिक आघात’ म्हणेन. तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येकाला याबद्दल विचारलं जातं. साधारण तिघींपैकी एक स्त्री ‘हो’ म्हणते. ५० पुरुषांपैकी एकही ‘हो’ म्हणतो, हे आपण विसरू नये. तिथे जखमेबद्दल विचारतात, कडीबद्दल विचारत नाहीत. २०२० मध्ये टेक्सासच्या तळावर व्हेनेसा गियेन या तरुण सैनिक मुलीची हत्या झाली. आपला छळ होतो हे तिनं घरी सांगितलं होतं, वर सांगण्याची भीती वाटत होती. त्यानंतर तिथे कायदा बदलला आणि अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हा निर्णय तुकडीच्या प्रमुखाकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला. आपल्याकडेही न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्येच सांगितलं होतं, की सशस्त्र दलांतल्या माणसांनी केलेले लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखाली यावेत.

अकादमी कायदा बदलू शकत नाही. आपल्या हातात शब्द आहेत, तेवढ्यापुरतं बोलते. आपल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्यात पोलीस ठाण्याचा, दवाखान्याचा, कचेरीचा कारभार हिंदीत चालतो आणि सांगणारी मुलगी आपल्या बोलीत सांगते. गोटमारीच्या दंतकथेत सावरगावच्या मुलीला पांढुर्ण्याचा मुलगा घेऊन जातो. तिचे पाठ किती तरी आहेत, पण मुलगी काय म्हणाली ते एकातही मी ऐकलेलं नाही. अर्जात तरी तसं होऊ नये. खबर तोंडी दिली तर ठाण्यानं ती लिहून वाचून दाखवली पाहिजे, अशा गुन्ह्यांत ती महिला पोलिसानं लिहून घेतली पाहिजे आणि प्रत फुकट दिली पाहिजे, हे कायद्यात आहे. न्यायालयात साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य तिथे साक्ष त्याच भाषेत नोंदवून तिचं भाषांतर जोडायचं, हीही तरतूद आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी ठरणं नव्हे, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. बायकांना अर्ज लिहून देणारे आपल्यातलेच असतात : शिक्षक, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट. त्यांनी आधी तिचं वाक्य तिच्या बोलीत जसंच्या तसं लिहावं, खाली हिंदी करावी आणि दोन्हीवर तिची सही घ्यावी.

त्यासाठी अकादमीनं एक लहानसा कोश करावा, अशी माझी मागणी आहे. तक्रारीत येणारे आपल्या बोलीतले शब्द आणि त्यांना नेमके हिंदी प्रतिशब्द. रेटणे, ओढणे, अंगचटीला येणे, हात घालणे, टपून बसणे, असे शंभर-दीडशे शब्द निघतील. तो ठाण्यात, जिल्हा रुग्णालयात आणि स्थानिक समितीकडे ठेवावा. त्या मुलीनं मदत करायचं कबूल केलं आहे. ती अजून नोकरीत आहे.

पहिली नोंद मी लिहून आणली आहे, ती सचिवांकडे देते. लोटणे : कडी न लावता दार ढकलून मिटवणे. हिंदीत, दरवाजा भेड़ना, उढ़काना. ‘बंद करना’ नाही.