एकच शहर, वेगळ्या जाहिराती

(नाशिक येथील बैठकीतील भाषणाचा संपादित मजकूर)



माध्यमांवर बोलायचे म्हटले की आपण बातम्यांवर आणि रात्रीच्या वादचर्चांवर बोलतो. त्यांवर बोलणारे बरेच आहेत. मी आज त्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळेवर बोलणार आहे, म्हणजे जाहिरातींवर. केबल टेलिव्हिजनच्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिरात दाखवता येते. दहा मिनिटे मालाची आणि दोन मिनिटे स्वतःच्या कार्यक्रमांची. रोज तीन तास टीव्ही चालणाऱ्या घरात ही वेळ अर्ध्या तासाच्या वर जाऊ शकते. इतका वेळ एखादा पाहुणा रोज घरी येत असेल, तर तो कोण, कुणाच्या सांगण्यावरून येतो आणि शेजाऱ्याकडेही तोच जातो का, हे विचारायला हवे.

दूरदर्शनवर पैसे घेऊन जाहिराती दाखवायला १ जानेवारी १९७६ पासून सुरुवात झाली. तेव्हा वाहिनी एकच होती. त्यामुळे निरमाची जाहिरात चौक मंडईत दिसायची तीच गंगापूर रोडला आणि तीच मालेगावात. परवडणारी वस्तू असो वा नसो, पाहणे सर्वांचे सारखे होते. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. त्या पडद्यावरही गोरी, सवर्ण, शहरी घरेच जास्त होती. पण जे होते ते सर्वांसमोर होते.

आज नाशिकमधली दोन घरे घ्या. एक जुन्या नाशकात किंवा वडाळ्यात, छतावर डीडी फ्री डिशची छत्री. महिन्याचे भाडे नाही, वाहिन्या फुकट. दुसरे घर कॉलेज रोडला, इंटरनेटवर चालणारा टीव्ही. पहिल्या घरात दिसते केसांचे तेल, दुखण्यावरचा मलम, बनियन, सिमेंट, स्वस्त साबण. दुसऱ्या घरात गाडी, म्युच्युअल फंड, परदेशी शिक्षण, आरोग्य विमा. तिसरे घर स्थानिक केबलचे: तिथे चित्रपटाच्या खालच्या पट्टीत साड्यांचे दुकान, क्लासेस, दातांचा दवाखाना, प्लॉटची स्कीम. तिन्ही घरे एका महापालिकेला पट्टी भरतात, पण जगात काय काय मिळू शकते याची त्यांची यादी वेगवेगळी आहे. पहिल्या घरातल्या मुलीला परदेशी शिष्यवृत्ती आणि विमा या गोष्टी कुणीतरी वेगळ्या सांगाव्या लागतात. जाहिरात ती सांगत नाही.

हे ठरते कसे? आपल्याकडे टीव्हीचे प्रेक्षक बार्क ही संस्था मोजते. देशात टीव्ही असलेली घरे वीस कोटींच्या वर आहेत आणि मोजणीची यंत्रे साठ हजारांच्या आत घरांत. त्या घरांना दर्जा दिला जातो तो दोन गोष्टींवरून: घरच्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी किती घरात आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून बारा पायऱ्या, ए-१ पासून ई-३ पर्यंत. यात धर्माचा रकाना नाही, जातीचाही नाही. पण २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षणात आणि नोकरीत मुस्लिम कुठे आहेत ते दाखवून दिले आहे. शिक्षण आणि वस्तू मोजल्या की समाजाची पायरी आपोआप मोजली जाते. कुणी मुद्दाम भेदभाव केला असे मी म्हणत नाही. गणित प्रामाणिक असूनही निकाल असा येतो.

आता दुसरा प्रश्न. जाहिरातीत आपण दिसतो का, आणि दिसलो तर कसे? गेल्या काही वर्षांतल्या तीन जाहिराती आठवा.

२०१८ची रेड लेबल चहाची जाहिरात. गणपतीची मूर्ती घ्यायला आलेला माणूस मूर्तिकार मुस्लिम आहे हे कळल्यावर अडखळतो, मग एका कपावर मन मोकळे होते. २०१९ची सर्फ एक्सेलची होळीची जाहिरात. सायकलवरची मुलगी गल्लीतला सगळा रंग अंगावर घेते, म्हणजे तिच्या छोट्या दोस्ताला पांढऱ्या कपड्यांत नमाजाला जाता येईल. त्यावर बहिष्काराची हाक आली. रागाच्या भरात काहींनी साबण सोडून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपलाच खालचे गुण दिले, हे आमच्या क्षेत्रात अजून हसत सांगतात. कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही. तिसरी ऑक्टोबर २०२०ची, तनिष्कची. मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण. ती मात्र मागे घेतली गेली. कर्मचारी आणि दुकानांतले लोक यांच्या सुरक्षिततेचे कारण कंपनीने दिले.

या जाहिराती करणाऱ्यांचे मी आभारच मानतो. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मुस्लिम माणूस पडद्यावर येतो तो धर्माचा प्रश्न सोडवायला. टोपी, नमाज, सण. टूथपेस्ट घेणारी सलमा, मुलाच्या अभ्यासाची काळजी करणारा युनूस, पंक्चर झालेली स्कूटर ढकलणारी शबाना दिसत नाही. आणि मराठी वाहिन्यांवर तर मराठी बोलणारा मुस्लिम शोधूनच काढावा लागतो. शेख महंमदांपासून शाहीर अमर शेख, हमीद दलवाईंपर्यंत ज्यांची भाषा मराठी, त्यांच्या वारसांना जाहिरात 'जनाब' आणि 'तशरीफ' एवढेच शब्द देते. आपल्या गल्लीत भाजी घेताना कोण असे बोलते?

बाहेरच्या देशांत काय दिसते? सर्फ एक्सेल पाकिस्तानातही विकला जातो, डागांबद्दलचे घोषवाक्यही जवळपास तेच. तिथे रमजानमध्ये त्याच्या जाहिराती येतात. लहान मूल कुणाला तरी मदत करताना कपडे मळवते. तिथे मुस्लिम असणे हा प्रश्नच नसतो, म्हणून गोष्ट चांगुलपणाची होते. पण तिथल्या हिंदू किंवा ख्रिस्ती मुलाने तेवढ्याच सहजपणे त्या पडद्यावर कपडे मळवले पाहिजेत, हेही आपण म्हणायला हवे. मलेशियात यास्मिन अहमद या दिग्दर्शिकेने पेट्रोनास या तेल कंपनीसाठी ईद, चिनी नववर्ष आणि दिवाळी, तिन्ही सणांच्या जाहिराती केल्या. त्या सगळ्या देशाने पाहिल्या. अमेरिकेत २०१३मध्ये चिरिओजच्या जाहिरातीत गोरी आई, काळे वडील आणि त्यांची मुलगी दाखवली. इतकी घाण टीका आली की यूट्यूबवरचे अभिप्राय बंद करावे लागले. कंपनी मागे हटली नाही. पुढच्या वर्षी तेच कुटुंब तिने सुपर बोलच्या सामन्यात, देशातल्या सर्वांत मोठ्या प्रेक्षकांसमोर आणले.

आता माझ्या कामाजवळचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. टीव्हीची जाहिरात आता सर्वांना एकच असण्याची गरज उरलेली नाही. वाहिनीच्या प्रवाहात एक खूण पाठवली जाते. ती आली की त्या शहरातले यंत्र मूळ जाहिरातीच्या जागी दुसरी बसवते. प्रेक्षकाला कळतही नाही. बंगळुरूच्या अमागी या कंपनीने भारतीय वाहिन्यांवर शहरागणिक वेगळ्या जाहिराती अशाच दाखवल्या. इंटरनेटवरच्या टीव्हीत तर शहरही मोठे झाले. घरागणिक जाहिरात बदलता येते. काही टीव्ही आपण काय पाहतो याची नोंद ठेवतात. विझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी नोंद संमतीशिवाय घेतली म्हणून २०१७मध्ये अमेरिकेत तिला २२ लाख डॉलर भरावे लागले.

याचे दोन परिणाम होऊ शकतात. पहिला, वगळणे. फेसबुकवर घराची जाहिरात ठरावीक वंशाच्या लोकांना दिसू नये अशी सोय होती, हे २०१६मध्ये अमेरिकेत उघड झाले. तिथल्या गृहनिर्माण खात्याने २०१९मध्ये कारवाई सुरू केली. नाशकात मुस्लिम नाव ऐकल्यावर फ्लॅट 'कालच गेला' हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. पण ते उत्तर ऐकू तरी येते. जाहिरातच दिसली नाही, तर तक्रार कशाची करणार?

दुसरा परिणाम वरवर गोड आहे. बहिष्काराची भीती वाटणारी कंपनी उद्या म्हणेल, ईदची जाहिरात करू, पण फक्त मुस्लिम घरांत दाखवू. आम्हाला शुभेच्छा मिळतील, वादही होणार नाही. मला अशा शुभेच्छा नकोत. सर्फ एक्सेलच्या त्या जाहिरातीची किंमत ती माझ्या घरी दिसली यात नव्हती; शेजारच्या जोशींच्या आणि पाटलांच्या घरी दिसली यात होती. त्यांना आवडली, नाही आवडली, त्यावर बोलणे झाले. एकमेकांना दिसणेच बंद झाले तर शेजार राहतो, ओळख राहत नाही.

कायदा काय म्हणतो? वाहिन्यांच्या जाहिरात संहितेत धर्म, जात, वर्ण यांची टिंगल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. पण न दाखवण्याबद्दल ती गप्प आहे. वैयक्तिक माहितीच्या २०१९च्या विधेयकात धर्म आणि जात ही 'संवेदनशील' माहिती मानली होती. २०२३च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मात्र मनाई आहे, ती चांगलीच. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात ऑनलाइन मंचांना धर्म, वंश अशा माहितीवरून माणसे निवडून जाहिरात दाखवता येत नाही. आपण अशीच तरतूद मागितली पाहिजे, आणि ती फक्त मुस्लिमांसाठी नको. दलित वस्तीचा पिनकोडही पिनकोडच असतो.

शेवटी करण्यासारख्या तीन गोष्टी. एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पाहण्याची माहिती' आणि 'वैयक्तिक जाहिराती' हे पर्याय बंद करा. जमत नसेल तर बैठक संपल्यावर माझ्याकडे या. दोन, चांगली जाहिरात दिसली तर कंपनीला दोन ओळी लिहा. बहिष्कारवाले लिहितात, आपण लिहीत नाही, म्हणून कंपनीला एकच बाजू ऐकू येते. तीन, पुढचा महिनाभर आपल्यापैकी दहा घरांनी, वेगवेगळ्या भागांतल्या, रात्री आठ ते नऊमध्ये काय दिसले ते वहीत लिहावे. त्यात हिंदू, बौद्ध मित्रांची घरेही हवीत. वह्या शेजारी ठेवल्या की कळेल, आपण एकाच नाशकात राहतो की नाही. माझी वही मी आज रात्रीपासून सुरू करतो आहे.