मुलाखतीला जाताना
(मार्गदर्शन वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मुलाखतीचे पत्र आले की घरात पहिली चर्चा बुटांची होते. थोरला भाऊ आपले बूट देतो, चाचा कुठून तरी टाय आणतात आणि शेजारचा पदवीधर इंग्रजीतली दहा वाक्ये पाठ करून घेतो. हे सारे मायेपोटी होते, म्हणून त्याला मी नावे ठेवीत नाही. परंतु असा सजून गेलेला मुलगा समितीपुढे बसतो तेव्हा त्याचे बूटही दुसऱ्याचे असतात आणि वाक्येही दुसऱ्याची. दोन प्रश्नांत पाठांतर संपते. मग खरा मुलगा बोलू लागेपर्यंत वेळ संपलेली असते.

माझ्या मते चांगली छाप पडते ती आपली, आपल्या घरची आणि आपल्या गावची खरी हकीगत न लाजता व नेमकेपणाने सांगणाऱ्याची. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. शेलगावचे अन्सार शेख २०१५ सालच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. निकाल मे २०१६ मध्ये लागला. वडील ऑटोरिक्षा चालवीत, धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम धरले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना खोली मिळेना, तेव्हा त्यांना मित्राचे शुभम हे नाव सांगावे लागले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे वर्तमानपत्रांना सांगितली. या परीक्षेत मुलाखतीला २७५ गुण असतात. तेथे त्यांना विचारण्यात आले की तुम्ही शिया की सुन्नी? मी भारतीय मुसलमान आहे, असे त्यांनी उत्तर दिले.

या उत्तराची स्तुती पुष्कळ झाली आहे. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खोली मिळावी म्हणून ज्याला नाव बदलावे लागले, तो तरुण समितीपुढे स्वतःच्या नावाने बसला, आणि त्याच नावावरून आलेल्या प्रश्नाला एका वाक्यात, न चिडता उत्तर देऊन थांबला. प्रश्नात दोनच पर्याय होते. त्याने तिसरे, स्वतःला खरे वाटणारे उत्तर दिले. आता कृपा करून हे वाक्य कोणी पाठ करू नका. दहावा उमेदवारही तेच म्हणू लागला तर ऐकणाऱ्यास हसू येईल. आपल्या नावावरून, मोहल्ल्यावरून, मदरशावरून प्रश्न येऊ शकतो, हे धरून चालावे आणि त्याचे आपले उत्तर घरी शांतपणे शोधून ठेवावे. रागाने दिलेले उत्तर कितीही खरे असले तरी ऐकणाऱ्याच्या मनात राग तेवढा राहतो.

अर्जावर जालना लिहिले की जालन्यावरही प्रश्न येणारच. १ मे १९८१ रोजी आपला जिल्हा झाला, त्यात आठ तालुके आहेत, दक्षिणेला गोदावरी आहे, गावातून कुंडलिका वाहते, एवढे सर्वांना येते. पण येथे सळईचे कारखाने का वाढले, मोसंबीच्या बागा दुष्काळात का वाळतात, समृद्धी महामार्गाने शेतकऱ्याला काय दिले, असे विचारले की मुले गप्प होतात. बियाणांचे पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे पुस्तकातून कळते. परंतु कपाशीच्या बियाणाच्या प्लॉटवर संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग हाताने लावायचा, हे काम आपल्या कितीतरी मुली सुट्टीत मजुरीने करतात. एखाद्या बियाणे कंपनीत मुलाखतीला गेल्यावर "अनुभव आहे का?" म्हटले की हीच मुलगी खाली मान घालून "नाही" म्हणते. तिला वाटते, मजुरी सांगितली तर कमीपणा येईल. वास्तविक त्या खोलीतील इतर उमेदवारांनी ती कळी हातात धरलेलीही नसते! किती दिवस काम केले, दिवसाला किती फुले होत, चूक कशाने होते, हे तिने सांगावे. गॅरेजमध्ये बसणाऱ्या, फळाचा गाडा लावणाऱ्या, वडिलांबरोबर वेल्डिंग करणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. आय.टी.आय. झालेल्या मुलाला कारखान्यात पुष्कळदा थेट मशीनपाशी नेतात व व्हर्निअर हातात देतात. तेथे टाय काय कामाची?

कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या समाजातील उमेदवारांची सर्वांत जास्त अडचण येथे होते. मराठवाड्यात शाळेच्या दाखल्यावर 'शेख' किंवा 'सय्यद' आधी, मग मुलाचे नाव, पुन्हा 'शेख' आणि वडिलांचे नाव, अशी पद्धत आहे. आधार कार्डावर तेच आडनाव शेवटी जाते, पदवीच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर कमी होते, आणि समितीसमोर तीन कागद तीन माणसांचे वाटतात. उमेदवार गोंधळतो आणि आपण काही लपवीत आहोत असा भास निर्माण करतो. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव प्रमाण धरून बाकीचे कागद आजच जुळवून घ्यावेत. दहावीचीच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा. नाव बदललेच असेल तर शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जवळ ठेवावी. विवाहित भगिनींनी तर अवश्य ठेवावी. मुलाखतीचे पत्र आल्यावर धावपळ करून यातले काही होत नाही.

भाषेची भीती मला अनाठायी वाटते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाचे मराठीत लिंग चुकते, 'माझी पुस्तक' असे तो बोलून जातो. चुकले तर पुढे बोलत राहावे. प्रत्येक वाक्याला माफी मागू नये. प्रश्न कळला नाही तर "सर, पुन्हा सांगाल का?" असे विचारण्यात काहीही गैर नाही. न कळता दिलेल्या लांब उत्तरापेक्षा ते शतपटीने बरे. माहीत नसेल तर "मला माहीत नाही" एवढेच म्हणावे. मात्र रोज अर्धा तास मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, एवढा आग्रह मी धरतो. जीभ वळते ती त्यानेच.

पोशाखाबद्दल मुली विचारतात की डोक्यावरील ओढणीचे काय करावे. जो पोशाख उद्या रोज नोकरीवर घालणार आहात तोच धुऊन, इस्त्री करून घालावा. हाच नियम मुलांच्या दाढीलाही.

सगळीकडे मुलाखत असतेच असे नाही, हेही लक्षात घ्यावे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथे लेखी परीक्षेचा अभ्यासच उपयोगी. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर मुलाखतीसह व मुलाखतीशिवाय असे दोन्ही प्रकार आहेत. ज्या संस्थेत मुलाखत आहे तेथे वर्गावर पाठही घ्यावा लागतो. डी.एड., बी.एड.च्या मुलांनी त्यासाठी एका विषयाचा पाठ इतका तयार ठेवावा की खडू व फळा एवढ्यावर तो घेता यावा. बोलताना फळ्याकडे पाहू नये, मुलांकडे पाहावे.

मंठा, परतूर, भोकरदनहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री शहरात नातेवाइकाकडे मुक्काम करावा. पहिल्या एस.टी.वर विसंबून राहू नये. वेळेआधी पोहोचले की दारावरच्या शिपायाशीही नीट बोलावे. आत गेल्यावर सलाम, नमस्कार जे तोंडी बसले असेल ते करावे, बसा म्हटल्यावर बसावे.

आणि घरी परतल्यावर, त्याच रात्री, विचारलेले सर्व प्रश्न एका कागदावर लिहून काढावेत. निवड होवो अथवा न होवो, तो कागद आपल्या शाळेच्या वाचनालयात आणून द्यावा. तेथे एक वही ठेवली की पुढच्या महिन्यात जाणाऱ्या मुलाला ती चाळता येईल.